वादळ ओसरलं, आता कुणाचं दार वाजवायचं? मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

१७ मे २०२१, सोमवार. तौक्ते वादळ मुंबईला धडकलं नव्हतं, समुद्रातूनच गुजरातकडे निघालं होतं. तरी कुलाब्याला वाऱ्याने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला आणि कुर्ल्याच्या आमच्या सोसायटीतला गुलमोहर दुपारी आडवा झाला. बुंधा आमच्या आवारात, शेंडा रस्त्यावर आणि मधली एक जाड फांदी रस्त्याच्या दिव्याच्या खांबाला टेकलेली. जिन्यात गर्दी जमली. एकाने अग्निशमन दलाला फोन लावला, दुसऱ्याने वीज कंपनीला, तिसऱ्याने नगरसेवकाला आणि चौथ्याने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून ‘कुणीतरी बघा रे’ असं लिहिलं. अर्धा तास गेला तरी कुणाच्याच हातात तक्रार क्रमांक नव्हता. शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी १९१६ फिरवला. वॉर्ड सांगितला, जवळच्या शाळेचं नाव सांगितलं, ‘फांदी दिव्याच्या खांबावर आहे, रस्ता बंद आहे’ एवढंच बोलले आणि मिळालेला क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. पुढचे दोन दिवस सगळी सोसायटी त्या कॅलेंडरपाशी येऊन तो क्रमांक बघून जात होती.

मुंबईत नवीन आलेल्याला वाटतं, एवढं मोठं शहर आहे, वादळानंतर कुणीतरी येईलच. येतात, खरंच येतात. पण झाडाला एक खातं येतं, विजेला दुसरं, पडक्या भिंतीला तिसरं, आणि भिजलेल्या संसाराची नोंद करायला चौथंच कुणीतरी. त्यांना एकमेकांकडून तुमची बातमी कळेल या भरवशावर राहू नका. कुठलं दार कशासाठी, हे आधी माहीत असलेलं बरं.

आजच करायचं काम: तीन गोष्टी लिहून ठेवा

पहिली, तुमचा वॉर्ड. मुंबई महापालिकेचे वॉर्ड इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात: फोर्ट-कुलाबा ए, दादर जी उत्तर, परळ एफ दक्षिण, अंधेरी पूर्व के पूर्व, कुर्ला एल, घाटकोपर एन, मुलुंड टी. फोनवर नुसतं ‘मी अंधेरीहून बोलतोय’ म्हटलं तर पुढचा प्रश्न ‘पूर्व की पश्चिम?’ हाच येणार. रेल्वे रुळांच्या कुठल्या बाजूला राहता यावर इथे बरंच काही ठरतं. तुम्ही ठाणे, नवी मुंबई किंवा मीरा-भाईंदरला राहत असाल तर तुमची महापालिका वेगळी, नंबरही वेगळे. पत्त्यात ‘मुंबई’ लिहायची सवय असली तरी.

दुसरी, तुमचा जिल्हा. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे इथे वीस वर्षं काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या जकात घरात. वांद्र्यापासून दहिसर आणि कुर्ल्यापासून मुलुंड, शिवाय चेंबूर-गोवंडी-मानखुर्द हे सगळं मुंबई उपनगर, त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके. गंमत म्हणजे कुर्ला तालुक्याचं तहसीलदार कार्यालय कुर्ल्यात नाही, मुलुंडला आहे. हे माहीत नसेल तर रिक्षाचे पैसे आणि अर्धा दिवस दोन्ही जातात. भरपाईचा पैसा महापालिकेकडून नाही, या महसूल खात्याकडून येतो, म्हणून जिल्हा माहीत हवा.

तिसरी, वीज कोणाची. गावाकडे एक महावितरण म्हणजे विषय संपला. इथे शहर भागात बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी, काही घरांत टाटा पॉवर आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. एकाच मजल्यावर दोन शेजाऱ्यांची बिलं दोन कंपन्यांची असू शकतात. अदानीचा तक्रार क्रमांक १९१२२, टाटाचा १९१२३, महावितरणचा १९१२. बेस्टचा तुमच्या भागाचा नंबर बिलावर छापलेला असतो. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण तक्रार नोंदवताना ग्राहक क्रमांक विचारतात आणि वीज गेल्यावर अंधारात बिल शोधत बसणं फार त्रासाचं.

पहिले काही तास: बाहेर पडायची घाई नको

वारा थांबला म्हणजे वादळ गेलं असं नाही. मागून येणारा पाऊस आणि समुद्राची भरती यांचा मेळ बसला की मुंबईत खरी पंचाईत होते. साडेचार मीटरच्या वर भरती असली की पावसाचं पाणी समुद्रात जायला वाट मिळत नाही. हाजीअली, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, लव्हग्रोव्ह इथली उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसून समुद्रात सोडणारी पंपांची ठाणी, त्यासाठीच बांधली आहेत. म्हणून बाहेर पडण्याआधी भरतीची वेळ बघा. महापालिका पावसाळ्यापूर्वीच मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते.

आणि तुमच्याकडे पाऊस नाही म्हणून शेजारच्या स्टेशनला नसेल, असं समजू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. फोर्टातल्या ऑफिसात बसलेल्यांना घरी काय चाललंय याची कल्पनाही नव्हती, ती पुढे रात्रभर चालत निघाल्यावर आली.

घरात पाणी शिरलं असेल तर मेन स्विच बंद करा, पण पाण्यात उभं राहून स्विचला हात लावू नका. जुन्या चाळींत आणि बऱ्याच सोसायट्यांत मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली असतात. ती खोली भिजली असेल तर वीज कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत पुरवठा सुरू करू नका, शेजारी कितीही म्हणोत. लिफ्टचा खड्डा भरला असेल तर लिफ्ट वापरू नका. सिलिंडरमधून वास येत असेल तर १९०६. पाइपचा गॅस असेल तर आधी घरातली कॉक बंद करा, मग बिलावरच्या आपत्कालीन नंबरला फोन.

तुंबलेल्या पाण्यातून चालायची वेळ आलीच तर मधून चाला, फुटपाथच्या कडेने नको, आणि हातात काठी किंवा छत्री घेऊन पुढची जमीन चाचपत जा. पाणी लवकर उतरावं म्हणून लोक मॅनहोलची झाकणं उघडतात आणि तिथे खूण ठेवायचं विसरतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर असेच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. तुम्हाला उघडं मॅनहोल दिसलं तर तिथे झाडाची फांदी, बाक, काहीही उभं करा आणि १९१६ ला कळवा.

घरात साप आला तर मारू नका, वन खात्याच्या १९२६ वर फोन करा. नॅशनल पार्कच्या आजूबाजूला, आरे, मुलुंड, भांडुपकडे हे पावसाळ्यात नेहमीचंच.

जीवावरचं संकट असेल तर मात्र विचार करत बसायचं नाही: पोलीस, आग, कोणतीही मदत ११२, अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८.

१९१६ ला काय बोलायचं

हा महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा नंबर, चोवीस तास चालू असतो. पडलेलं झाड, तुंबलेलं पाणी, कोसळलेली भिंत, उघडं मॅनहोल, रस्त्यातलं मेलेलं जनावर, सगळं इथेच. वादळाच्या दिवशी लाइन लागत नाही, दहा वेळा फिरवावं लागतं, तेवढी तयारी ठेवा. लागला की गोष्ट सांगत बसू नका. वॉर्ड, रस्त्याचं नाव, जवळची खूण (देऊळ, शाळा, बसस्टॉप), काय झालंय, कुणी अडकलंय का, एवढं क्रमाने सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. एका सोसायटीतून एकानेच फोन करावा. दहा जणांनी दहा तक्रारी नोंदवल्या की नियंत्रण कक्षाला ते दहा झाडांसारखं दिसतं आणि तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्याची लाइन अडते.

झाडाच्या बाबतीत एक खाचाखोच आहे. रस्त्यावरचं झाड महापालिकेचं, त्याचं उद्यान खातं बघतं. आवारातलं झाड सोसायटीचं. ते पडून रस्ता अडला किंवा कुणाच्या जिवाला धोका झाला तर अग्निशमन दल आणि महापालिका येऊन वाट मोकळी करतात, पण आवारात उरलेलं लाकूड उचलण्याचं काम शेवटी आपल्यावरच येतं. पडलेलं नाही, नुसतं कललेलं झाड मात्र स्वतःहून तोडू नका. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याने त्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, सोबत फोटो जोडा. पावसाळ्यानंतर बघू म्हणून आम्हीही तो गुलमोहर दोन वर्षं तसाच ठेवला होता.

राहायला जागा नसेल तर

घर राहण्याजोगं उरलं नसेल तर वॉर्ड ऑफिसला किंवा १९१६ ला विचारा की जवळची कुठली महापालिका शाळा तात्पुरता निवारा म्हणून उघडली आहे. प्रत्येक वॉर्डात अशा शाळा आधीच ठरवलेल्या असतात. मिठी नदीकाठच्या वस्त्यांतून पाणी वाढलं की लोकांना अशाच शाळांत हलवतात. जाताना औषधं, चष्मा, चार्जर, एक चादर आणि कागदपत्रांची पिशवी घ्या. ही पिशवी आधीपासून दाराच्या मागे टांगलेली असली तर उत्तम. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर पोचल्याबरोबर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगून नोंद करवून घ्या.

जेवणाचं म्हणाल तर सरकारी पाकिटं येण्याआधी गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ येतं. मंडळाकडे ताडपत्री असते, मोठी पातेली असतात, दोरखंड असतो, आणि गर्दी कशी हाताळायची याचा अनुभव तर दरवर्षीचाच. गुरुद्वारे, चर्चचे हॉल, मशिदी, सगळीकडे चहा-खिचडीची सोय होते. मागायला लाजू नका. तुमचं नाव, गाव, जात कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला मंडळाची पोरं आली की आठवण ठेवा म्हणजे झालं.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, हरवलेल्या किंवा एकट्या सापडलेल्या मुलासाठी १०९८. आणि रात्री झोप लागत नाही, वारा सुटला की छातीत धडधडतं, असं होत असेल तर १४४१६ वर मोफत बोलता येतं. मराठीतही.

पाण्यातून चाललात? मग हे वाचाच

हा भाग लोक सर्वात हलक्यात घेतात. तुंबलेल्या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरं यांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो होतो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. जंतू पायाच्या बारीकशा जखमेतून किंवा भेगेतून शिरतो. २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती, तेव्हापासून महापालिका दर पावसाळ्यात बजावते: साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. साधारणपणे डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती चालत नाही, त्यांचं औषध वेगळं. म्हणून मेडिकलवाल्याला ‘ती लेप्टोची गोळी द्या’ म्हणून सगळ्या घराला एकच पाकीट आणू नका.

ही गोळी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. बाळासाहेब ठाकरे आपला दवाखानाही आता बऱ्याच वस्त्यांत आहे. पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा. ताप, डोकं ठणकणं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही दिसलं तर घरगुती काढा उकळत बसू नका. मोठी रुग्णालयं परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर. उपनगरात घाटकोपरचं राजावाडी, वांद्रे आणि कुर्ल्याचं भाभा. साथीच्या रोगांसाठी आर्थर रोडचं कस्तुरबा. केसपेपर काढताना ‘पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही, आणि या एका वाक्याने पुढच्या तपासण्या बदलतात.

घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, कोरडे करा, जखम असेल तर झाका. आणि आठवडाभरात गच्चीवरचे डबे, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, नाहीतर लेप्टोतून वाचलात तरी डेंग्यू आहेच. फवारणीसाठी वॉर्डाच्या कीटकनाशक खात्याकडे तक्रार करता येते.

टाकी

सोसायटीची जमिनीखालची टाकी ही पुरानंतरची सर्वात दुर्लक्षित जागा. झाकणाच्या फटीतून गटाराचं पाणी आत जातं आणि पंप सुरू केला की तेच गच्चीवर चढतं. म्हणून पंप सुरू करण्याआधी झाकण उघडून बघा. पाणी गढूळ असेल, वास येत असेल तर टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंगने धुऊन मगच भरा. तोवर पाणी उकळून, गाळून प्या. नळालाच घाण पाणी येत असेल तर वॉर्डाच्या जलकामे खात्याला कळवा, नमुना घेऊन तपासतात. खर्चावरून समितीत वाद घालणारे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना पहिल्या बाटलीतलं पाणी दाखवा.

गाडी बुडाली असेल तर चावी फिरवू नका

इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर इंजिन आतून मोडतं, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच घेतलेलं असावं लागतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर बुडालेल्या गाडीचं काहीच मिळत नाही. गाडी जागेवरच ठेवा, पाण्याची रेष दिसेल असे चारी बाजूंनी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग त्यांच्या सांगण्यावरून टो करून न्या. गाडीवर झाड पडलं असेल तर झाड हलवण्याआधी फोटो. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ वर तक्रार करता येते.

पंचनामा: इथे घाई करू नका

आता मुख्य भाग. आमच्या मागच्या चाळीत एक मावशी राहतात, शिवणकाम करतात. एका पावसाळ्यात त्यांच्या खोलीत कमरेएवढं पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मावशींनी पहाटेपासून खोली धुवायला घेतली. भिजलेल्या गाद्या, फुगलेला प्लायवूडचा ओटा, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं कचऱ्याच्या गाडीत. संध्याकाळपर्यंत फरशी आरशासारखी, उदबत्ती लावलेली. तिसऱ्या दिवशी पंचनामा करणारे आले आणि दारातूनच म्हणाले, ‘मावशी, इथे नुकसान कुठे आहे?’ भिंतीवर पाण्याची रेष होती, तीही त्यांनी फडक्याने पुसायला घेतली होती. सुदैवाने अर्धीच पुसून झाली होती.

म्हणून क्रम असा. पाणी उतरलं की आधी फोटो आणि एक सलग व्हिडिओ, दारापासून आत येत, प्रत्येक भिंत, पाण्याची रेष, मोडलेलं सामान. चित्रणात घर क्रमांक दिसू द्या. मग भिजलेल्या वस्तूंची यादी. आणि मगच साफसफाई. गाद्या फेकाव्याच लागतात, त्या घरात ठेवून आजार ओढवून घेऊ नका, पण फेकण्याआधी फोटो आणि शेजाऱ्यांपैकी दोघांची साक्ष.

पंचनामा महसूल खात्याची माणसं करतात. दोन-तीन दिवसांत कुणी फिरकलं नाही तर तहसीलदार कार्यालयात लेखी अर्ज द्या. मुंबई शहर जिल्ह्यात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. अर्जाला आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, वीजबिल आणि फोटो जोडा. पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा खातं चालू आहे ना बघा. गावाकडच्या बँकेतलं खातं असेल तरी चालतं, बंद पडलेलं नको.

भाड्याने राहणाऱ्यांची इथे अडचण होते. घर मालकाचं असलं तरी भांडी-कपडे तुमचे आहेत, त्यांच्या पंचनाम्यात तुमचं नाव लागलं पाहिजे. त्यासाठी तुम्ही तिथे राहता याचा कागद हवा. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी केलेलाच असावा, असा महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा सांगतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नोंदणीचं कशाला, आपण घरच्यासारखेच’ असं म्हणणारा मालक पंचनाम्याच्या दिवशी गावाला गेलेला असतो. करार नसेल तर गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचा दाखला, सोसायटीचं पत्र, जे असेल ते जोडा.

किती मिळतं? फार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये, पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, झोपडी गेली तर ८,००० रुपये. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. मोठ्या आपत्तीनंतर राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून दर वाढवतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड झोडपल्यावर तसंच झालं होतं. म्हणून अर्ज करण्याआधी त्या वेळचा शासन निर्णय विचारा. कोळीवाड्यातल्या लोकांनी होडी आणि जाळ्यांच्या नुकसानीचं मत्स्यव्यवसाय खात्याला आणि आपल्या मच्छीमार सोसायटीला त्याच दिवशी कळवावं, कारण जाळी वाहून गेली की दाखवायला काही उरत नाही.

इमारतीला तडा गेला असेल

भिंतीत नवी फट, दारं अचानक अडकू लागणं, छताचा गिलावा पडणं, कॉलममधून सळई दिसणं. यातलं काही वादळानंतर दिसलं तर बाहेर या आणि १९१६ ला कळवा. दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींचं काम म्हाडाचं दुरुस्ती मंडळ बघतं, बाकी खासगी इमारतींचं वॉर्ड ऑफिस. ‘सी-१’ असा शेरा मिळाला तर इमारत अतिधोकादायक, रिकामी करायची. भाडेकरू असाल तर सोडण्याआधी आपल्या खोलीच्या मोजमापाची आणि ताब्याची लेखी नोंद मागून घ्या. ती नसेल तर नवीन इमारत उभी राहताना आपला हक्क दाखवणं जड जातं.

भिजलेले कागद आणि दारात येणारे लोक

ओल्या नोटा आणि कागदपत्रं उन्हात किंवा इस्त्रीखाली घालू नका, पंख्याखाली पसरून सावलीत वाळवा. खराब झालेल्या नोटा बँकेत बदलून मिळतात. आधार पुन्हा काढण्यासाठी १९४७, रेशनकार्डासाठी तुमच्या भागाचं शिधावाटप कार्यालय. ज्यांनी आधीच डिजीलॉकरमध्ये कागद ठेवले आहेत त्यांचे फार हेलपाटे वाचतात.

वादळानंतर दोन प्रकारची माणसं हमखास उगवतात. एक, ‘पाचशे द्या, पंचनाम्यात नाव घालतो’ म्हणणारा. पंचनाम्याला फी नसते. दुसरा, ‘मदतनिधी जमा करायचाय, ओटीपी सांगा’ म्हणून फोन करणारा. कुठलंही सरकारी खातं ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर एक मिनिट न दवडता १९३० वर फोन करा.

आणि अर्ज दाबून ठेवला, यादीत नाव नाही, मालक आत घेत नाही असं झालं तर वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार पूर किंवा मोठ्या आपत्तीत सापडलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. तिथे जाताना आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत न्या. अर्ज नेहमी दोन प्रतींत द्यायचा, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती आपल्याजवळ ठेवायची. मावशींची ती प्रत आजही शिलाई मशीनच्या खणात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. भिंतीवरची अर्धी रेषही त्यांनी दिवाळीपर्यंत पुसली नाही. पैसे खात्यात आले तेव्हा कुठे चुना लावला.